परीक्षेचं ऊन

पुन्हा तेच ऊन पडलंय.

गॉलवे या आयरिश शहरात ऊन पडलं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. पण जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या उन्हाचं इथे कुणाला नवल वाटत नाही. लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी, सुरू झाली की आभाळ उघडतं, असं सगळे धरूनच चालतात. मे महिनाभर खिडक्यांवर आडवा पाऊस आपटत असतो, आणि ज्या सकाळी मुलं पहिला पेपर लिहायला हॉलमध्ये जाऊन बसतात, नेमकी त्या सकाळी खाडी घासलेल्या ताटासारखी चकाकायला लागते. आमचे शेजारी निवृत्त पोस्टमन आहेत. कुंपणाची झाडं कापता कापता ते दरवर्षी न चुकता म्हणतात, "परीक्षेचं ऊन! बिचारी पोरं."

यंदा त्या बिचाऱ्या पोरांत आमची आयरा आहे. परवा तिचा गणिताचा पहिला पेपर. सकाळपासून ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली आहे. आणि तिची आई, मृणाल, जी याच परीक्षेसाठी दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवायची, ती मागच्या अंगणात खुर्ची टाकून उन्हाकडे पाठ करून बसली आहे. उजवा हात मांडीवर, तळवा वर. आता तो हात असाच असतो. पाहुणा विसरून गेलेल्या वस्तूसारखा, कुणीतरी न्यायला येईल म्हणून नीट ठेवलेला.

कुणी गेलेलं नाही, हे आधीच सांगतो. माझा सूर ऐकून तसं वाटायचं. एका बाईचा हात वर जायचा, तो आता जात नाही, एवढीच गोष्ट आहे. अशा दुःखाला भेटायला कुणी येत नाही. लोक विचारतात, "आता कसा आहे खांदा?" आणि आपण म्हणतो, "ठीक आहे." इथल्या भाषेत, "ग्रँड." मीही चार वर्षं तेच म्हणत आलोय. पण हे ऊन पडलं की माझ्याच्यानं म्हणवत नाही.

*

पुण्यात मृणालच्या वर्गात फळ्याखाली एक लाकडी प्लॅटफॉर्म होता. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत असतो तसा, चालताना पोकळ वाजणारा. मृणाल जेमतेम पाच फूट. त्या प्लॅटफॉर्मवर चढली की फळ्याचा वरचा कोपरा तिच्या डोळ्यांसमोर यायचा. लग्नानंतर एकदा तिचा डबा द्यायला शाळेत गेलो होतो, तेव्हा दारातून पाहिलं होतं. ती लिहीत होती, मागे साठ मुलं होती, आणि खडूच्या टकटकीशिवाय आवाज नव्हता. मला वाटलं होतं, हिला वर्गात बघायला तिकीट लावलं पाहिजे.

मग माझी नोकरी इकडे आली आणि आम्ही आलो. "आम्ही आलो" हे मी सवयीनं म्हणतो. खरं म्हणजे मी आलो आणि तिला आणलं. इथल्या नोंदणीसाठी तिला पुन्हा कागद जमवावे लागले, काही विषयांच्या परीक्षा द्याव्या लागल्या, मग इकडे तिकडे कुणाच्या रजेवर बदली म्हणून शिकवावं लागलं. शेवटी गॉलवेबाहेरच्या एका गावात, गाडीनं पाऊण तासावर, एका शाळेत जागा मिळाली. ती इतकी खूश झाली की घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर चढून नाचली. आयरा तेव्हा लहान होती, तीही चढली.

जागा मिळाली, खोली नाही मिळाली. त्या शाळेत जुन्या शिक्षकांच्या ठरलेल्या खोल्या होत्या, मुलं त्यांच्याकडे यायची. नव्यांनी मुलांकडे जायचं. दर चाळीस मिनिटांनी मृणाल आपलं बिऱ्हाड उचलायची. लॅपटॉप, पुस्तकं, कंपास, मार्कर, आणि कॉपीज. इथे वह्यांना कॉपीज म्हणतात. तीस मुलांच्या कॉपीज एका खांद्यावर, जिना वर, जिना खाली, मधल्या पटांगणातून पावसात दुसऱ्या इमारतीत. भूगोल शिकवणारी नोरीन तिची स्टाफरूममधली मैत्रीण. खुबा दुखायचा म्हणून काठी घेऊन चालायची, आणि मृणालचं बिऱ्हाड बघून लाडानं म्हणायची, "तुला खोली मिळेल, पेट. फक्त आमच्यातलं एक कुणीतरी आधी मरायला हवं."

मृणाल घरी येऊन तिची नक्कल करायची. स्टाफरूममधल्या प्रत्येकाचं काय काय दुखतं हे नोरीन एका दमात कसं सांगते, तेही. "खेळाच्या सरांचा गुडघा, स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईंची मनगटं, सुतारकामाच्या सरांची पाठ, फ्रेंचवालीची मान. आमच्या सगळ्यांचे चांगले चांगले भाग जोडले, तर एक धड शिक्षक तयार होईल!" आम्ही तिघंही हसायचो. पोळी वाटीत बुडवत, पोट धरून हसायचो.

आणि फळा. इथले फळे पांढरे, भिंतीला वर ठोकलेले, आणि खाली प्लॅटफॉर्म नाही. उंच माणसांनी उंच माणसांसाठी ठोकलेले. मृणालचा हात अर्ध्यापर्यंत सहज पोचायचा, पण खालच्या अर्ध्यात लिहिलेलं मागच्या बाकांना पुढच्यांच्या डोक्यांमुळे दिसायचं नाही. म्हणून ती चवड्यांवर उभी राहून वरपासून लिहायची. बाकीचे शिक्षक स्लाइड दाखवायचे. मी म्हटलं, तूही दाखव, मी करून देतो. तर म्हणाली, "गणित दाखवत नाहीत रे, मुलांसमोर घडवतात. माझा हात चालताना दिसला, तर त्यांचा चालतो."

तिचा हात चालत होता, डोक्याच्या वर, दिवसाचे पाच-सहा तास, कितीतरी वर्षं.

माझ्या कंपनीनं एकदा एक माणूस घरी पाठवला होता. माझ्या स्क्रीनची उंची मोजायला. त्यानं टेप काढली, माझ्या डोळ्यांपासून टेबलापर्यंत मोजलं, कोपराचा कोन बघितला, आणि पंधरवड्यात मला खुर्ची आली. मानेला वेगळा आधार, कमरेला वेगळा, हात ठेवायला मऊ दांडे. मी त्या खुर्चीत बसून काम करायचो, आणि मृणाल पलंगाच्या कडेवर मांडी घालून, वाकून कॉपीज तपासायची. टेबल एकच होतं आणि त्यावर माझे दोन स्क्रीन होते. तिच्या फळ्याची उंची कुणी मोजली नाही. शाळेनं नाही, तिनं नाही, मी नाही. असं काही मोजता येतं, हे मला माहीत होतं. सगळ्या घरात फक्त मलाच माहीत होतं.

*

आमच्या शाळेत पाचवीला एक बाई होत्या. शिकवताना एक हात कमरेवर ठेवायच्या, दुसरा फळ्यावर. आम्ही त्यांना किटली म्हणायचो. मधल्या सुट्टीत एक जण कमरेवर हात ठेवून, दुसरा वाकवून, किटली होऊन चालायचा आणि बाकीचे चहा ओतून घ्यायचे. त्यांची कंबर दुखत असेल, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. शिक्षकांना शरीर असतं, हेच मुळी आपल्याला कुणी शिकवत नाही. आवाज बसला तर कळतं. बाकीचं त्यांच्या स्वभावात जमा होतं. बाई चिडक्या आहेत, सर आळशी आहेत, बसूनच शिकवतात. मृणाल त्या वर्षी चिडकी झाली होती. मीच तिला म्हटलं होतं, "हल्ली फार चिडचिड करतेस."

ते वर्ष म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या जूनच्या आधीचा हिवाळा. सप्टेंबरात शाळा उघडली आणि तिचा खांदा दुखायला लागला. त्या वर्षी तिला पहिल्यांदाच सहावीचा वर्ग मिळाला होता. सहावी म्हणजे इथलं शाळेचं शेवटचं वर्ष, परीक्षेचा वर्ग. तो नव्या शिक्षकाला सहसा देत नाहीत. तिनं तो मागून घेतला होता. त्यामुळे रजा हा शब्द घरात निघत नव्हता.

दिवाळीला आम्ही स्लायगोला सतीशकडे गेलो. सतीश नागपूरचा, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. इथल्या मराठी मंडळींत कुणाचंही काहीही दुखलं, तरी तो दिवाळी-गणपतीत सतीशला दाखवतो. पोट असो, पाठ असो, मुलाचा ताप असो. सगळे ताटावर बसलेले असतात आणि सतीश श्रीखंडाचा चमचा बाजूला ठेवून कुणाची तरी जीभ बघत असतो.

"वहिनी, हात वर करा पाहू," तो म्हणाला. मृणालनं केला. अर्ध्यावर तिचा चेहरा बदलला.

"दुखून राहिलं का?"

"थोडं."

"थोडं नाही बाप्पा, तुमचं तोंड सांगतेच ना." त्यानं खांदा दाबून बघितला. "फ्रोझन शोल्डर असू शकते. मास्तर लोकांना होतेच. बहुतेक सुटते आपोआप. पण हे पाहा, मी भूल देणारा माणूस, हाडवाला नाही. जीपीला दाखवा आणि स्कॅन करून घ्या. आन् मंद्या, तू जरा घरात भांडी घास बे. वहिनीले आराम दे."

सगळे हसले. मीही हसलो. परतताना गाडीत मी मृणालला म्हटलं, "चला, सुटतं म्हणाला आपोआप."

"स्कॅन करा म्हणाला."

"करू ना. इथे नंबर लागायला महिने जातील, आणि तुला शाळा सोडून खेटे घालायला लागतील. जूनमध्ये पुण्याला जातोच आहोत. सकाळी फोन केला तर दुपारी मशीनमध्ये. तिकडेच दाखवू."

 मग म्हणाली, "हो. तोवर माझा वर्गही पार पडेल."

इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाक्य वेगळं समजावून सांगायला नको. पुण्यात दाखवू. दात, चष्मा, गुडघा, छातीतली धडधड, सगळं आम्ही वर्षभर साठवतो आणि सुट्टीत बॅगेबरोबर घेऊन जातो. आपलं शरीर इथे फक्त कामाला असतं, दुखायला ते तिकडे जाणार असतं. त्यात आम्हाला शहाणपणही वाटतं. मला तरी वाटत होतं. आणि खोलवर, हे लिहिताना लाज वाटते, मला सुटका झाल्यासारखंही वाटलं होतं. त्या हिवाळ्यात माझं प्रोजेक्ट संपत आलं होतं, आणि एक गोष्ट तरी जूनपर्यंत माझ्याकडे येणार नव्हती.

त्यानंतर आमचं घर हळूहळू खाली उतरायला लागलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. वरच्या प्रेसमधले कप खालच्यात आले. मग डाळींचे डबे. मग मिसळणाचा डबा ओट्यावरच राहायला लागला. सकाळी आयरा ओरडायची, "आई, व्हेअर आर द मग्ज? दे वेअर इन द प्रेस!" आणि मृणाल म्हणायची, "खाली बघ." मला वाटलं, आवराआवर करते आहे. मग तिनं केस कापले. कंबरेपर्यंत वेणी होती, ती मानेपर्यंत आली. मी म्हटलं, "छान दिसतंय, वय कमी झालं." ती म्हणाली, "हो ना?" मग डोक्यातून घालायचे कुडते गेले आणि समोर बटणं असलेले शर्ट आले. मला वाटलं, रुळली आता इथे.

मी सगळं बघत होतो. बघत नव्हतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

*

त्या जूनमध्ये असंच ऊन होतं. बाकी वर्गांना सुट्टी लागली होती, मृणालला शाळेत जायची गरज नव्हती, तरी गणिताच्या पेपराच्या सकाळी ती गेली. मीच गाडी चालवली, कारण स्टिअरिंग फिरवताना तिला त्रास व्हायचा. तिच्या वर्गातली मुलं हॉलच्या बाहेर उन्हात उभी होती. गणवेशाचे स्वेटर कमरेला बांधलेले. तिला बघून एक उंच मुलगी धावत आली आणि मिठी मारायला वाकली. मृणालनं डाव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं. दुपारी मुलं बाहेर आली ती ओरडतच, "मिस, इट वॉज ग्रँड!" तिचे डोळे भरून आले होते. परत येताना ती म्हणाली, "झालं रे. आता खांदा तू म्हणशील त्याला दाखवते."

आठवड्याभरानं आम्ही पुण्यात होतो. सकाळी फोन केला, दुपारी मशीन. मी मनात स्वतःला शाबासकी दिली.

सर्जन शांत माणूस होता. फिल्म उजेडावर लावून बराच वेळ बघत राहिला.

"काय करता मॅडम आपण?"

"गणित शिकवते."

"फळ्यावर?"

"हो, फळ्यावरच."

त्यानं पेनानं एक जागा दाखवली. "इथला स्नायूचा पट्टा आधी झिजलेला असणार. आणि मग तो पूर्ण तुटलाय. कधी झटका बसल्यासारखं झालं होतं? काही उचलताना?"

"नोव्हेंबरमध्ये," मृणाल म्हणाली. "गाडीच्या डिकीतून वह्यांचा खोका काढत होते. पाऊस होता. खांद्यात कापड टरकन फाटावं तसं झालं. आवाजच आला. मग आठवडाभर हात उचललाच गेला नाही. नंतर थोडा थोडा जायला लागला, म्हणून..."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तेव्हा आला असतात तर शिवता आला असता," सर्जन म्हणाला. "आता तुटलेलं टोक मागे खेचलं गेलंय आणि स्नायूची चरबी झालीय. टाका धरणार नाही. व्यायामानं दुखणं कमी होईल. पण हात खांद्याच्या वर जाईल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"नोव्हेंबरमध्ये कशी येणार होते हो," मृणाल हसून म्हणाली. "तेव्हा मुलांचं इंटिग्रेशन चालू होतं."

सर्जनही हसला. काय करणार बिचारा.

रिक्षात मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. घरी आले तशी तुझ्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं. तू मान हलवलीस."

रिक्षा सिग्नलला थांबली. मी म्हटलं, "हेडफोन असतील कानात."

"होते," ती म्हणाली. "मला वाटलं, एका कानानं ऐकतोयस."

तिच्या आवाजात राग नव्हता. पहिल्यांदा चुकलेलं उत्तर मुलाला दाखवावं, तशी ती बोलली. मी त्या दुपारी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो की उजव्या, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. उजव्या बाजूला होतो. म्हणजे तिचा तो हात माझ्या आणि तिच्या मध्ये होता, आणि मी धरला नाही. दुखेल असं वाटलं. की तसं वाटल्याचं मी नंतर ठरवलं, कोण जाणे.

संध्याकाळी तिच्या आईकडे असताना मुख्याध्यापकांची मेल आली. नोरीन निवृत्त होत होती. तिची खोली आता मृणालची. खिडकीतून शेत दिसणारी, पहिल्या मजल्यावरची.

"खोली मिळाली," मृणालनं आम्हाला वाचून दाखवलं. "बिचारीला मरावं नाही लागलं, नुसतं रिटायर व्हावं लागलं." आणि ती गॅलरीत गेली. दोरीवरचे कपडे डाव्या हातानं, एकेक चिमटा काढत, काढू लागली. तिची आई मदतीला उठली, तर मृणाल तिथूनच म्हणाली, "राहू दे गं. मला एकटीला करू दे."

*

शाळा वाईट नव्हती. हे सांगायला हवं, कारण दोष द्यायला कुणी सापडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला बसून लिहायची पाटी दिली. तिच्यावर लिहिलं की भिंतीवर मोठं उमटायचं. ऑगस्टच्या शेवटी ती नव्या खोलीत गेली. जिने बंद, बिऱ्हाड बंद, टेबल स्वतःचं. मी तिला सोडायला गेलो तेव्हा दारावर तिचं नाव होतं. तिनं बोटानं ते पुसून पाहिलं, जातंय का.

घरी ती रोज व्यायाम करायची. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढत जायचं, आणि जिथे हात थांबेल तिथे पेन्सिलनं खूण करायची. पहिले काही आठवडे खुणा वर गेल्या. नंतर त्या एकावर एक पडायला लागल्या, आणि पुढे पुढे तर एकाच जागी काळा डाग झाला. पाटीवर लिहिताना तिसऱ्या तासापर्यंत बोटांना मुंग्या यायच्या. मान अवघडायची. झोप कुशीवर होत नव्हती, पाठीवर होत नव्हती.

पण शिकवायची ती त्यानं थांबली नाही. थांबली ती वेगळ्याच गोष्टीनं.

"फळ्याकडे तोंड असलं ना," ती मला एकदा म्हणाली, "की मागे कोण समजलंय आणि कोण नाही, हे मला पाठीला कळायचं. शांततेचे प्रकार असतात रे. आता मी त्यांच्यासमोर बसते आणि ती माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघतात. मी मध्ये नसतेच."

तिचा पाचवीचा, म्हणजे परीक्षेच्या आदल्या वर्षाचा, वर्ग दांडगट म्हणून प्रसिद्ध होता. मागच्या वर्षी तिनं त्यांच्या नावानं किती शिव्या घातल्या होत्या. ऑक्टोबरच्या एका दुपारी ती घरी आली, पर्स टेबलावर ठेवली, आणि कोट न काढताच बसली.

"आज कुणी दंगा केला नाही," ती म्हणाली.

"मग बरं झालं की."

"महिनाभर नाही केलेला. आज मार्कर पडला माझ्या हातातून, तर चौघं उठली द्यायला. यू आर ग्रँड, मिस. टेक युअर टाइम, मिस." ती माझ्याकडे बघत होती. "मंदार, त्यांना माझी दया येते. मी त्यांना गणित नाही शिकवत आता. मी त्यांना चांगलं वागायला शिकवतेय."

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "सोड मग. आपलं काही अडलेलं नाही."

ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या सुट्टीनंतर ती शाळेत गेली नाही.

आपलं काही अडलेलं नाही. मी तिला थांब म्हणायला हवं होतं का, की जात राहा म्हणायला हवं होतं, हे मला अजून कळत नाही. मला एवढंच कळतं, की तिनं विचारलं नव्हतं. ती नुसती सांगत होती, आणि मी पुन्हा एका कानानं ऐकून उत्तर दिलं.

आणि मी आणखी एक केलं. आयराला बाजूला घेऊन सांगितलं, की आईला गणित विचारू नकोस. तिला वाईट वाटेल. आयरा समजूतदार आहे. तिनं चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. नापास होण्याइतकी अडली, तरी फोनवर व्हिडिओ लावायची, कानात वायरी घालून, म्हणजे आईला ऐकू जाणार नाही. मृणालनंही कधी तिच्या वहीत डोकावलं नाही. दोघी एकमेकींशी सगळं बोलतात. कपडे, मैत्रिणी, कुणाचं कुणाशी जमलं. मृणाल मराठीत, आयरा तिच्या गॉलवेच्या इंग्रजीत. फक्त एक विषय त्या दोघींच्या मधून गेला. मृणालला वाटतं, आपसूकच गेला.

*

आत्ता मी स्वयंपाकघरात चहा टाकायला आलोय. उघड्या दारातून ऊन टेबलापर्यंत आलंय. आयरानं पेन्सिल चावून चावून तिचा कुंचला केलाय. एका गणितावर ती अर्धा तास अडली आहे. तिनं कानात फोनच्या वायरी घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, काढल्या.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. मी आधणाकडे बघितलं.

"आई," तिनं हाक मारली. "कॅन यू हेल्प मी विथ समथिंग?"

अंगणातली खुर्ची करकरली. मृणाल दारात आली, उन्हानं डोळे बारीक केलेले.

"काय गं?"

"दिस वन. आय डोंट गेट व्हाय द कर्व्ह टर्न्स हिअर."

मृणाल टेबलाशी आली. वहीवर वाकली. चार वर्षांत मी तिला इतकी सरळ झालेली पाहिली नव्हती. ती वाकली होती आणि तरीही मला तसंच वाटलं. तिनं प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"अगं, सोपं आहे. हे बघ, ती इथून वर येते, वर येते..." ती बोलायला लागली, आणि हात उचलला. कागदावर नाही, हवेत. तिची सवय. वक्ररेषा ती आधी हवेत काढायची, सगळ्या वर्गाला दिसेल अशी, मग फळ्यावर. हात वर निघाला. छातीपर्यंत आला. तिथे थांबला. रेषेला अजून बरंच वर जायचं होतं.

आयरा त्या हाताकडे बघत होती. मग तिनं पटकन नजर वहीत घातली. दयेनंच.

मृणालनं ते पाहिलं. तिनं हात खाली घेतला, डाव्या हातानं तो पोटाशी धरला आणि म्हणाली, "याचा व्हिडिओ असेल बघ. तो जास्त नीट सांगेल."

"आर यू शुअर?"

"हो गं. बघ तू."

ती सिंककडे वळली आणि कालची भांडी विसळायला लागली. आयरानं या वेळी वायरी कानात घातल्या नाहीत. लपवायचं आता काही राहिलं नव्हतं. कुणा तरुण माणसाचा भराभर बोलणारा आवाज स्वयंपाकघरात घुमायला लागला. तो समजावत होता. मृणालची पाठ आमच्याकडे होती. तिचे हात पाण्यात थांबले होते. तिच्या मानेवरून मला कळत होतं, की ती एकेक शब्द ऐकते आहे.

"ओ, ओके," आयरा म्हणाली. "गॉट इट. थँक्स, आई." तिनं फोन बंद केला, वह्या गोळा केल्या आणि वर गेली.

जिन्यावरची पावलं विरली. मग मृणाल, पाठ न वळवता, कुणालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "एक पायरी गाळली त्यानं."

मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. कानात काही नव्हतं. मी ते स्वच्छ ऐकलं. वरच्या मजल्यावर आयराचं दार लागलं.